धोतरजोडीचं पुडकं

अमरावतीला येऊन पाच महिने होत आले तरी माझी मोठी ट्रंक उघडलेली नव्हती. रोजच्या स्वयंपाकापुरती चार भांडी वर काढली होती. बाकी सगळं, पितळी गंज, पुरणयंत्र, माहेरची गुंडी, ट्रंकेत कुलूपबंद होतं. शेजारीण एकदा डोकावून म्हणाली, "काहून वो, जायाची घाई हाये का?" मी हसून वेळ मारून नेली, पण तिनं नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून अकोल्याला परत जायचं, असं ठरलेलं होतं. एकदा वर काढून मांडलेली भांडी पुन्हा बांधायची माझ्यात हिंमत नव्हती.

दुकान दारूचं होतं. सरळच सांगते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. साठीच्या दशकातली मधली वर्षं. राज्यात दारूबंदी होती, पण ज्याच्याकडे परमिट असेल त्याला विलायती बाटली मिळायची. परमिट मिळायचं ते प्रकृतीच्या कारणासाठी. त्यामुळे कागदावर पाहिलं तर गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी आजारी होती. बाटली दिली की परमिटावर तशी नोंद करून द्यायची, हा नियम.

दारू विकायची लाज नाही वाटली का, असं लोक मला अजून विचारतात. वाटली असती कदाचित. पण दुकान न चालण्याची लाज एवढी मोठी होती की दुसरीला जागाच उरली नाही.

माझे यजमान अकोल्याच्या कापड बाजारात थोरल्या भावाच्या गादीवर अकरा वर्षं बसले. हे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे. माणूस सचोटीचा आणि कडक. चहा दिवसातून दोनदाच, तोही ठरल्या वेळी. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, आणि त्यांनीही माझ्याशी कधी थेट शब्द काढला नाही. मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे पाहून बोलायचे आणि जाऊबाई तो निरोप माझ्यापर्यंत आणायच्या, मी तिथेच उभी असले तरी. ते वाईट नव्हते. पण दुकानात त्यांनी यांचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. हे गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हा रंग तुमाले..." की तिकडून आवाज यायचा, "तू थान उचल." अकरा वर्षं हा माणूस थानं, म्हणजे कापडाचे तागे, उचलत आणि पुडकी बांधत राहिला. घरात अठरा माणसं, आणि आमच्या वाट्याला आलेली खोली खरं तर पापड-कुरड्या ठेवायची होती.

अमरावतीचे एक म्हातारे पारशी गृहस्थ कापडाला आमच्या दुकानात यायचे. त्यांचं परमिटवाल्यांसाठी दारूचं दुकान होतं. लेकीकडे नागपूरला कायमचं जायचं म्हणून ते दुकान कुणाच्या तरी हाती द्यायच्या विचारात होते, आणि यांचा गोड स्वभाव त्यांना आवडला. सरकारी सोपस्कार पार पडले. भासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीलोग पाय. नाही जमलं तं गुमान वापस ये. गादीवर तुही जागा ठेवतो." ते मायेनंच बोलले, पण ती राखून ठेवलेली जागा मला अमरावतीत रोज डोळ्यांसमोर दिसायची.

दुकान आम्ही घेतलं तेव्हा ते अंधारं होतं. दाराला एक जाड पडदा, त्याचा मूळ रंग कोणता हे सांगणं अवघड. आत एक मिणमिणता दिवा, आणि कोपऱ्यात छतापर्यंत पोचलेली वर्तमानपत्रांची रद्दी. वर सुतळीचा हा मोठा गुंडा. "अशा भुयारात कोन येईन?" हे म्हणाले, आणि मलाही ते पटलं. पडदा मीच उतरवला आणि त्याची फरशी पुसायची फडकी केली. यांनी रद्दी विकली, चुना मारला, ट्यूबलाइट लावली, आणि रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येईल अशी पाटी रंगवून घेतली. ओट्यावर चार खुर्च्या मांडल्या. नारळ फोडून पेढे वाटले. गल्लीनं पेढे खाल्ले, तोंडभरून कौतुक केलं, आणि जो तो आपापल्या घरी गेला.

त्यानंतर दुकानात कुणी येईना.

यांना धंदा येत होता, पण तो कापडाचा. कापड बाजाराची रीत अशी की दुकानदारानं ओट्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाक मारायची, घरच्यांची विचारपूस करायची, चहा सांगायचा, आणि बोलता बोलता थान उलगडायचं. अकोल्यात भावासमोर यांना हे कधी मोकळेपणानं करता आलं नव्हतं. आता स्वतःचं दुकान, स्वतःचा ओटा. अकरा वर्षांची तुंबलेली वाचा सुटली. पारशीबाबांच्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी यांनी तोंडपाठ केली होती, त्यामुळे रस्त्यानं कोण चाललंय हे चटकन ओळखू यायचं.

एक दिवस सकाळी मी दुकानामागच्या आमच्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. मधलं दार उघडं होतं. समोरून एक मोठे वकील कोर्टाकडे चालले होते, बरोबर दोन पक्षकार आणि बहुधा सासरे. यांनी ओट्यावरून खणखणीत हाक दिली, "वकीलसाहेब, अवो वकीलसाहेब. या न बसा. तुमची ती नेहमीची आली बरं. चार दिवसांपासून वाट पाहून राहिली तुमची." वकिलांनी मान वळवली नाही. त्यांचे कान मात्र लाल झालेले मला आतून दिसले. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या गल्लीनं कोर्टात जाऊ लागले.

हे खरोखर चक्रावले होते. "मी तं नीट बोललो त्यायच्याशी. काहून येऊन नाही राहिले लोक?" बाटल्या पुसून पुसून त्यांचा हात दुखायला लागला होता. आषाढ गेला, श्रावण लागला. मी ट्रंकेवर गोधडी घालून तिचा पाट केला होता, तिच्यावर बसून भाजी चिरायचे.

वकिलांचे ते लाल कान काही माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. असे कान मी लहानपणी खूप पाहिले होते. माझे वडील चांदूर रेल्वेला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाची खिडकी त्यांच्याकडे. जे दुखणं चारचौघांत सांगता येत नाही असं दुखणं घेऊन माणसं त्या खिडकीशी यायची, आणि वडील कधी मान वर करायचे नाहीत. चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीच वाचायची, बाटली कागदात गुंडाळायची आणि पुढे सरकवायची. तेच लोक संध्याकाळी बाजारात भेटले तर वडील कांदे निवडत राहायचे. मी एकदा विचारलं, बाबा, ते काका दिसले तरी तुम्ही बोलले नाही? ते म्हणाले, "तठची वळख तठीच ठेवा लागते, बाई. नाहीतं मानूस दुखनं अंगावर काढते, पन दवाखान्यात येत नाही."

तांदळाची सुपली खाली ठेवून मी दुकानात गेले आणि यांना म्हणाले, "तुमाले मानसं वळखता येते, हाच घोळ हाये."

त्यांना समजावायला दोन दिवस लागले आणि सवय लावायला पंधरा. आम्ही दुपारी दार लोटून तालीम करायचो. मी बाहेर जायची, गिऱ्हाईक होऊन आत यायची, आणि परमिट म्हणून रेशनकार्ड पुढे करायची.

"या न," हे म्हणायचे. "उन्हाची काहून आली?"

"पुन्हा," मी म्हणायची.

दुसऱ्या खेपेला त्यांनी 'या न' गिळलं, पण कार्ड हातात घेता घेता विचारलंच, "भाजी काय केली आज?" तिसऱ्या खेपेला ओठ मिटून ठेवले, तर डोळ्यांनीच हसले. मी चिडले. तेही चिडले. "मानूस समोर आला आन् बोलू नाही, तं काय भिताडावानी उभा राहू?"

"व्हय. भिताडावानीच."

वऱ्हाडातल्या माणसाला याहून कठीण शिक्षा नसेल. आमच्याकडे ओळखीचा दिसला आणि बोललं नाही तर भांडण आहे असं समजतात. हे बिचारे रात्री जेवताना दिवसभराचं सगळं बोलणं माझ्याजवळ मोकळं करायचे. कोण दिसलं, कोणाचा कोट उसवलाय, कोण वाळलंय. मी ऐकून घ्यायची, माझीही करमणूक व्हायची.

पडदा पुन्हा लावला. मी जाड निळ्या कापडाचा शिवला, चांगला पायघोळ. फळकुटाची मांडणी अशी फिरवली की आत उभ्या असलेल्याची पाठसुद्धा रस्त्यावरून दिसू नये. ओट्यावरच्या खुर्च्या घरात घेतल्या. पाटी उतरवताना यांचे डोळे भरून आले, मग तिच्या जागी हातभर लांबीची एक लहान पाटी लावली. आणि विकलेली रद्दी, तीच नव्हे म्हणा, पण तेवढीच रद्दी आम्ही पुन्हा विकत आणली. ती कशाला लागते ते आता कळलं होतं.

पण कागदात गुंडाळली तरी बाटली ती बाटलीच. मान दिसते, आकार कळतो, काखेत धरली की सगळ्या रस्त्याला समजतं. इथे मात्र यांचं डोकं माझ्यापुढे धावलं. त्यांनी बाटली आडवी ठेवली, दोन्ही बाजूंना रद्दीच्या घड्या घातल्या, वरून खाकी कागद घेतला, कोपरे चिमटीत दाबले आणि सुतळी उभी-आडवी फिरवून वर एक चपटी गाठ मारली, बोट घालायला फासा ठेवून. हातात आलं ते अगदी धोतरजोडीचं पुडकं. अकोल्याच्या गादीवर भावानं हातावर टपल्या मारून शिकवलेली ती गाठ. मी ते पुडकं घेऊन खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. लग्नाच्या बस्त्याहून परतलेली बाई वाटावी, इतकं साजरं.

मग वाट पाहणं आलं. वकील एक दिवस विसरून आमच्याच रस्त्यानं आले. हे दारात उभे होते, त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पुढच्या दिवशी वकील मुद्दाम आले असावेत, हे सुतळी सोडवत बसले. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी पडदा हलला. वकील आत आले, परमिट पुढे केलं. यांनी कागद वाचला, नोंद केली, पुडकं बांधलं, सरकवलं. वकिलांनी पुडकं हातात घेऊन वरून-खालून पाहिलं आणि हलकेच म्हणाले, "वा." एवढंच. यांनी मान वर केली नाही. वकील गेल्यावर मात्र आत येऊन माठातलं दोन तांबे पाणी प्यायले.

वकिलांमागून कोर्ट आलं आणि कोर्टामागून कॉलेज. कापसाचा हंगाम तोंडावर आला तसे तेल्हाऱ्याकडचे, दर्यापूरकडचे मोठे शेतकरी येऊ लागले. आपल्या गावात सगळे ओळखतात म्हणून एवढ्या लांब यायचे, आणि आमच्याकडे त्यांना कुणी ओळखायचं नाही. आत आल्यावर दर दुसरा माणूस न विचारता सांगायचा, "सर्दीचा त्रास हाये हो." हे नुसतं "हं" म्हणायचे. त्या दुकानात कोण कोण येऊन गेलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, इथेही कुणाचं नाव नाही. सवयच लागली ती. आमच्या गल्लीतली एक म्हातारी तेवढी एकदा कौतुकानं म्हणाली, "यंदा आपल्या गावात धोतरं लय खपून राहिले बापा."

तरी ट्रंक मी उघडली नाही. दुकान चाललं की नाही हे आम्ही ठरवून भागणार नव्हतं, ते भासरे ठरवणार होते. त्यांनी "चाल" म्हटलं असतं तर हे निमूटपणे उठून गेले असते. थोरल्या भावापुढे 'नाही' म्हणणं यांना शिकवलेलंच नव्हतं, आणि ती तालीम माझ्याकडूनही झाली नसती.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीची दुपार. मी मधल्या दाराशी बसून रद्दीचे चौकोन फाडत होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. पडदा बाजूला झाला आणि काळा कोट, काळी टोपी, हातात कापडी पिशवी, असे भासरे आत आले. पत्र नाही, निरोप नाही. माझे हात जागच्या जागी थांबले. न्यायला आले, दुसरं काय असणार.

यांनी पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. 'दादा' हा शब्द तिथे आलेला मला दिसत होता. भाऊ पाच महिन्यांनी समोर आलाय, वाकून पाया पडायचं, बसायला द्यायचं. पण दुकानात दोन माणसं उभी होती. यांनी तोंड मिटलं. पुढच्या दोघांची पुडकी बांधून दिली, ते गेले, तोवर आणखी एकजण आत आला. मग यांनी मान खाली ठेवूनच भासऱ्यांसमोर हात पसरला आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "परमिट?"

सख्ख्या थोरल्या भावाला परमिट विचारतो. आता भासरे पुडकी फेकून देतील, भर दुकानात थोबाडीत मारतील आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्हाला अकोल्याला नेतील. तालमी मीच घेतल्या होत्या. सगळं माझ्याच अंगावर येणार होतं.

भासऱ्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चार घड्या केलेला एक कागद काढून यांच्या हातावर ठेवला.

परमिट होतं. तारीख बरीच जुनी होती, असं यांनी मला नंतर सांगितलं. आणि त्यावर एकही नोंद नव्हती. अकोल्याच्या बाजारात ज्यांना लहान पोरसुद्धा ओळखतं, ते भासरे तो कागद खिशात घेऊन किती महिने फिरले कोण जाणे.

यांनी कागद वाचला, नोंद केली, बाटली आडवी ठेवली, घड्या घातल्या, सुतळी फिरवली. गाठ सरळ बसली. भासऱ्यांनी फाशात बोट घालून पुडकं उचललं, पिशवीत टाकलं आणि पडदा सारून निघून गेले. मागच्या माणसानं परमिट पुढे केलं.

तासाभरानं मागच्या दारी कडी वाजली. मी पदर सावरून दार उघडलं. भासरे उभे होते. "आत्ताच उतरलो गाडीतून," ते चौकटीकडे पाहून म्हणाले. हे दुकानातून धावत आले, "दादा" म्हणत पायांवर वाकले, गाडी वेळेवर होती का विचारलं. मी चुलीवर तवा ठेवला. पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली, आणि आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

जेवण होत आल्यावर यांनीच विषय काढला. त्यांचा स्वभाव, मनात काही राहत नाही. "दादा, दिवाळी आली."

"हं."

"तुमी म्हनलं होतं, दिवाळीलोग पाय."

भासऱ्यांनी ताटात हात धुतला. "गादीवरची जागा म्या भरून टाकली. नवा मानूस ठेवला. तुमाले आता इथीच राहा लागते." मग मुक्कामाचा आग्रह न ऐकता ते उठले. दारात चप्पल घालताना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्या शिकवलं तसंच बांधते तो." मधे जाऊबाई नव्हत्या. निरोप थेट माझ्यासाठीच होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांना उत्तर दिलं, "व्हय जी."

पुढे वर्षातून तीन-चारदा त्यांचं पोस्टकार्ड यायचं, "प्रकृती दाखवायला येत आहे." आधी पडद्यातून येत, तासाभरानं मागच्या दारानं. शेवटपर्यंत त्याबद्दल एक शब्द कधी निघाला नाही. एकदा मी अकोल्याला गेले असताना जाऊबाईंना सहज विचारलं, तो नवा माणूस कसा आहे? त्या म्हणाल्या, "कोनचा नवा मानूस? तुमी गेल्यापासून जागा रिकामीच हाये. बसू नाही देत कोनाले तठी."

पण त्या संध्याकाळी मला हे काही ठाऊक नव्हतं. भासरे कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत येऊन ट्रंकेवरची गोधडी काढली आणि कुलूप उघडलं. माहेरची गुंडी हातात घेतली आणि तिथेच बसून मनसोक्त रडले. पाच महिन्यांचं ओझं होतं, रडूनच उतरायचं ते. हे घाबरून आले, तर मी म्हटलं, बघत काय बसलात, भिंतीला चार खिळे मारा. त्यांनी हातोडा घेतला. ठोकाठोकीचा आवाज ऐकून शेजारीण डोकावली.

"काय वो, नाही वाटते जात आता?"

"नाही जात," मी म्हटलं, आणि पितळी गंज पुसायला घेतला.